ऑनलाइन मागवलेली औषधे: अस्सलपणा कसा ओळखावा, दर्जा कोणाकडून तपासून घ्यावा

वाचकांचे प्रश्न

मागील अंकात घरातील औषधांच्या साठवणुकीविषयी उत्तरे दिल्यानंतर नाशिक शहरातून आणि जिल्ह्यातून जी पत्रे आली, त्यांतील बरीचशी एकाच काळजीची आहेत. औषध आता गल्लीतल्या दुकानदाराच्या हातून नव्हे, तर खोक्यात बंद होऊन कुरियरने येते. ते अस्सल आहे आणि त्याचा दर्जा चांगला आहे, याची खात्री कशी करावी? सारख्या आशयाची पत्रे एकत्र करून त्यांची उत्तरे येथे दिली आहेत. पत्रलेखकांची नावे त्यांच्या इच्छेनुसार छापलेली नाहीत.

प्रश्न: माझ्या वडिलांच्या थायरॉइडच्या आणि रक्तदाबाच्या गोळ्या मी ॲपवरून मागवतो. या महिन्यात आलेल्या थायरॉइडच्या स्ट्रिपचा रंग नेहमीपेक्षा फिका आहे आणि उत्पादकाचा पत्ताही वेगळा आहे. गोळी पाण्यात टाकून विरघळते का ते पाहावे, किंवा तिच्यावर आयोडीनचा थेंब टाकावा, असे व्हिडिओ मोबाइलवर येतात. या चाचण्या कराव्यात का? आणि स्ट्रिपवरील क्यूआर कोडवर भरवसा ठेवावा का? (एक वाचक, इंदिरानगर)

उत्तर: या चाचण्या करू नयेत, कारण त्यांतून निघणारा निष्कर्ष दोन्ही बाजूंनी फसवा असतो. आयोडीनचा थेंब स्टार्चवर पडला की निळा-काळा रंग येतो हे खरे आहे; परंतु गोळी बांधण्यासाठी आणि पोटात गेल्यावर ती सुटी व्हावी म्हणून स्टार्च हा घटक असंख्य अस्सल गोळ्यांत मुद्दाम घातलेला असतो. तेव्हा निळा रंग आला म्हणजे गोळी बनावट, हा तर्क टिकत नाही. पाण्याच्या चाचणीचेही तसेच आहे. पँटोप्राझोलसारख्या गोळ्यांना असे आवरण दिलेले असते की त्या जठरातील आम्लात फुटू नयेत आणि पुढे आतड्यात गेल्यावरच फुटाव्यात, तर मधुमेहावरील मेटफॉर्मिनच्या दीर्घकाळ परिणाम करणाऱ्या गोळ्यांतून औषध सावकाशच झिरपते. अशी अस्सल गोळी पेल्यात तासभर तशीच राहिली, तर तो तिचा दोष नसून गुण आहे. उलट, नुसत्या स्टार्चची आणि शंखजिऱ्याची बनावट गोळी मिनिटभरात छान विरघळून दाखवू शकते.

आपल्या वडिलांच्या गोळीबाबत तर या चाचण्यांना काहीच अर्थ उरत नाही. थायरॉक्सिनच्या ५० मायक्रोग्रॅमच्या गोळीत मूळ औषध एका मिलिग्रॅमच्या विसाव्या भागाइतके असते, आणि बाकीची जवळजवळ सगळी गोळी म्हणजे निरुपद्रवी पूरक द्रव्ये असतात. तो विसावा भाग गोळीत आहे की नाही, हे डोळ्यांना, जिभेला किंवा पेल्यातल्या पाण्याला कळणे शक्य नाही.

मग घरी काय पाहता येते? गोळी नव्हे, तर वेष्टन आणि कागद. औषधाच्या वेष्टनावर औषधाचे मूळ नाव, उत्पादकाचे नाव व पत्ता, उत्पादन परवाना क्रमांक, बॅच क्रमांक, उत्पादनाची तारीख, मुदत संपण्याची तारीख आणि कमाल किरकोळ किंमत छापणे बंधनकारक आहे. सर्वांत आधी स्ट्रिपवरील बॅच क्रमांक बिलावरील बॅच क्रमांकाशी ताडून पाहावा. ही साधी गोष्ट फारच थोडे ग्राहक करतात. माझ्या मते मात्र घरच्या घरी करता येण्यासारखी हीच सर्वांत उपयोगी तपासणी आहे. बिलात एक बॅच आणि हातात दुसरी, याचा अर्थ गोळी बनावटच आहे असा होत नाही, परंतु जी नोंद विक्रेत्यावर बंधनकारक आहे ती त्याने नीट ठेवलेली नाही एवढे तरी नक्की ठरते, आणि उद्या ही बॅच बाजारातून परत मागवली गेली तर आपल्याला ते कळण्याचा मार्गच बंद होतो. खोका आणि आतील स्ट्रिप यांवरील बॅच व तारखा जुळतात का, छपाई बोटाने घासल्यास पुसते का, मूळ नावाच्या अक्षरांत चूक आहे का, जुन्या तारखेवर नवी तारीख चिकटवलेली आहे का, हेही पाहावे. कापलेल्या स्ट्रिपचा जो तुकडा आला त्यावर बॅच आणि मुदत दिसत नसेल, तर तो स्वीकारू नये.

रंग फिका असणे आणि पत्ता वेगळा असणे या दोन गोष्टी शंकेच्या असल्या तरी पुराव्याच्या नाहीत. आपल्याकडे एकाच नावाचे औषध विकणारी कंपनी एक आणि प्रत्यक्ष बनवणारी कंपनी दुसरी, असे सर्रास असते. वेष्टनावर ही दोन्ही नावे वेगवेगळी छापलेली असतात, आणि उत्पादन एका कारखान्यातून दुसऱ्या कारखान्यात गेले की फॉइलची छटा बदलू शकते. अशा वेळी वेष्टनाच्या दोन्ही बाजूंची स्पष्ट छायाचित्रे काढून ती कंपनीच्या ग्राहक सेवा विभागाला पाठवावीत आणि या बॅचचे उत्पादन त्या पत्त्यावर झाले आहे काय, असे लेखी विचारावे. फक्त बॅच क्रमांक कळवून भागत नाही, कारण बनावट माल तयार करणारे अनेकदा खऱ्या बॅचचाच क्रमांक उचलतात. उत्पादकाकडे प्रत्येक बॅचचे नमुने औषधाची मुदत संपल्यानंतरही काही काळ जपून ठेवलेले असतात, त्यामुळे त्याला आपल्या स्ट्रिपची त्यांच्याशी तुलना करता येते.

क्यूआर कोडविषयीही आपण विचारले आहे. केंद्र सरकारने नोव्हेंबर २०२२ मध्ये काढलेल्या अधिसूचनेनुसार १ ऑगस्ट २०२३ पासून अधिक खपाच्या ३०० ब्रँडच्या औषधांवर बारकोड किंवा क्यूआर कोड आवश्यक झाला आहे. तो स्कॅन केल्यावर औषधाचे नाव, उत्पादक, बॅच, दोन्ही तारखा आणि परवाना क्रमांक ही माहिती दिसली पाहिजे, आणि ती स्ट्रिपवरील छापील माहितीशी तंतोतंत जुळली पाहिजे. मात्र औषध या यादीतले नसेल तर कोड नसणे हा दोष नव्हे. आणि छापलेला कोड जसाच्या तसा नकलून दुसऱ्या हजार स्ट्रिपांवर छापता येतो, हेही विसरू नये. न जुळणारा कोड हा धोक्याचा स्पष्ट इशारा आहे. जुळणारा कोड हे अस्सलपणाचे प्रमाणपत्र नाही.

कंपनीचे उत्तर येईपर्यंत ती स्ट्रिप बाजूला ठेवून गोळ्या जवळच्या परवानाधारक दुकानातून घ्याव्यात. वडिलांचा डोस मात्र चुकवू नये.

प्रश्न: औषधाचा नमुना सामान्य माणसाला प्रयोगशाळेत तपासून घेता येतो का? नाशिकमध्ये कोणाकडे जावे, खर्च किती येतो, आणि प्रयोगशाळा नेमके काय तपासते? स्ट्रिप न फोडता औषध ओळखणारे हातात धरण्याचे यंत्र असते म्हणतात, ते भरवशाचे आहे का? (एक ज्येष्ठ वाचक, नाशिक रोड)

उत्तर: घेता येतो, आणि हा हक्क कायद्याने दिलेला आहे. औषधे व सौंदर्यप्रसाधने अधिनियम, १९४० मधील कलम २६ अन्वये औषध विकत घेणारी कोणतीही व्यक्ती, किंवा तिच्या वतीने मान्यताप्राप्त ग्राहक संघटना, ठरलेले शुल्क भरून ते औषध शासकीय विश्लेषकाकडे चाचणीसाठी देऊ शकते, आणि त्या विश्लेषकाच्या सहीचा अहवाल मिळवण्यास पात्र असते. अर्जाचा नमुना १४-ए आणि अहवालाचा नमुना १४-बी आहे. शुल्क सरसकट एक नसून कोणत्या चाचण्या करायच्या त्यानुसार ठरते. त्याचे दरपत्रक औषध नियमावलीच्या अनुसूची ‘बी’ मध्ये दिलेले आहे. ही तरतूद इतकी जुनी आणि इतकी सरळ असूनही औषधाच्या खोक्यावर, दुकानाच्या फलकावर किंवा ॲपच्या पडद्यावर तिचा उल्लेख कोठेही नसतो, याचे मला मनापासून वाईट वाटते. ज्याला औषध विकत घ्यावे लागते त्याला ते तपासून घेण्याचा हक्क माहीत असलाच पाहिजे.

अन्न व औषध प्रशासनाच्या नाशिक विभागाचे सहआयुक्त (औषधे) यांचे कार्यालय शहरातच आहे. नाशिकसह अहिल्यानगर, जळगाव, धुळे आणि नंदुरबार हे जिल्हे त्याच्या कक्षेत येतात. तेथे जाऊन कलम २६ खालील अर्ज करायचा आहे असे स्पष्ट सांगावे. नमुना कोणत्या प्रयोगशाळेत पाठवायचा, शुल्क किती आणि ते कसे भरायचे, याची माहिती तेथूनच घ्यावी.

नमुना देताना प्रमाणाकडे लक्ष द्यावे लागते. उरलेल्या चार गोळ्या घेऊन गेल्यास संपूर्ण चाचणी होऊ शकत नाही. गोळ्यांच्या वजनातील समानता पाहण्यासाठीच २० गोळ्या एकेक करून तोलतात, विद्राव्यतेच्या चाचणीच्या पहिल्या टप्प्याला ६ लागतात आणि मूळ औषधाचे प्रमाण काढण्यासाठी पुन्हा अनेक गोळ्यांची पूड करावी लागते. म्हणून एकाच बॅचच्या, न फोडलेल्या, तीन-चार तरी स्ट्रिपा हाताशी असाव्यात. बिल, खोका, कुरियरचे लेबल आणि ऑर्डरचा तपशील यांच्या प्रती अर्जासोबत जोडाव्यात, मूळ कागद स्वतःकडे ठेवावेत. नमुना देईपर्यंत तो कोरड्या, थंड आणि अंधाऱ्या जागी राहिला पाहिजे, कारण स्वयंपाकघरातील ओट्यावर महिनाभर पडलेल्या गोळ्यांत दोष निघाला, तर तो विक्रेत्याचा की आपला, हा वाद मागे लागतो.

आता प्रयोगशाळेत काय होते ते थोडे विस्ताराने सांगतो, कारण अहवाल हातात पडल्यावर तो वाचता आला पाहिजे. तपासणीचा आधार असतो इंडियन फार्माकोपिया हा मानकग्रंथ, जो गाझियाबाद येथील इंडियन फार्माकोपिया कमिशन प्रसिद्ध करते. पहिला प्रश्न ओळखीचा असतो: वेष्टनावर जे नाव आहे तेच द्रव्य आत आहे का? प्रत्येक रासायनिक द्रव्य अवरक्त किरण आपल्या विशिष्ट पद्धतीने शोषून घेते, आणि त्या आलेखाची तुलना प्रमाणित द्रव्याच्या आलेखाशी करून ओळख पटवतात. दुसरा प्रश्न प्रमाणाचा असतो. एचपीएलसी या यंत्रात गोळीचे द्रावण उच्च दाबाखाली एका बारीक नळीतून ढकलले जाते, त्यातील घटक वेगवेगळ्या वेळी बाहेर पडतात आणि प्रत्येकाचे मोजमाप होते. पॅरासिटामॉलच्या गोळीत लेबलवरील प्रमाणाच्या ९५ ते १०५ टक्के औषध असावे लागते, म्हणजे ५०० मिलिग्रॅमच्या गोळीत ते ४७५ ते ५२५ मिलिग्रॅमच्या दरम्यान असले पाहिजे. औषधानुसार ही मर्यादा बदलते. याच यंत्रावर औषध विघटित होऊन तयार झालेली अशुद्ध द्रव्येही दिसतात.

तिसरी गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते, ती म्हणजे विद्राव्यता. गोळीत औषध पूर्ण आहे, पण ती शरीरात विरघळतच नाही, तर रुग्णाच्या दृष्टीने ते औषध नसल्यासारखेच आहे. म्हणून शरीराच्या तापमानाच्या, म्हणजे ३७ अंश सेल्सिअसच्या द्रवात गोळी ठरावीक वेगाने ढवळत ठेवून ठरलेल्या वेळात किती टक्के औषध द्रवात उतरले ते मोजतात. याशिवाय साध्या, आवरण नसलेल्या गोळीचे १५ मिनिटांत आणि पातळ आवरणाच्या गोळीचे ३० मिनिटांत तुकडे झाले पाहिजेत, अशी विघटनाची वेगळी चाचणी आहे. आतड्यात फुटणारी गोळी आधी दोन तास आम्लात जशीच्या तशी राहिली पाहिजे. पेल्यातल्या पाण्याच्या प्रयोगाला अर्थ का नाही, हे यावरून लक्षात येईल: येथे द्रव, तापमान, वेग आणि वेळ सगळे ठरलेले असते आणि शेवटी रासायनिक मोजमाप होते. इंजेक्शनच्या बाबतीत निर्जंतुकतेची तपासणी होते आणि तिला काही दिवस लागतात.

स्ट्रिप न फोडता औषध ओळखणाऱ्या हातात धरण्याच्या यंत्राविषयी आपण विचारले आहे. रामन वर्णपटमापक नावाची अशी यंत्रे आहेत आणि तपास यंत्रणांना चाळणी लावण्यासाठी ती उपयोगी पडतात; परंतु थायरॉक्सिनसारखे अत्यल्प मात्रेचे औषध किंवा गडद रंगाचे आवरण असले की त्यांचा निर्वाळा भरवशाचा राहत नाही. एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारी राष्ट्रीय संस्था) मान्यताप्राप्त खासगी प्रयोगशाळेतही औषध तपासून घेता येते. तेथे जाण्यापूर्वी त्यांच्या मान्यतेच्या व्याप्तीत औषधांची चाचणी, आणि तीही आपल्या औषधाची, समाविष्ट आहे का ते विचारावे. तो अहवाल आपल्या माहितीसाठी आणि तक्रारीला आधार म्हणून चांगला असतो, पण कायद्याच्या दृष्टीने शासकीय विश्लेषकाच्या अहवालाची जागा तो घेऊ शकत नाही.

प्रश्न: औषध नामांकित कंपनीचे आहे, बिल पक्के आहे, कोडही जुळतो. मग दर्जाची चिंता करण्याचे कारण उरते का? (एक वाचक, गंगापूर रोड)

उत्तर: उरते. औषध अस्सल आहे का, हा एक प्रश्न आणि ते दर्जेदार आहे का, हा दुसरा. बनावट औषध म्हणजे दुसऱ्याच्या नावाने, किंवा अस्तित्वातच नसलेल्या कंपनीच्या नावाने विकलेला माल. अप्रमाणित औषध मात्र परवानाधारक कारखान्यातून, खऱ्या नावाने आणि खऱ्या बिलाने येऊ शकते. १९८६ साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डायएथिलिन ग्लायकोल या विषारी द्रव्याने दूषित झालेले ग्लिसरॉल दिल्यामुळे १४ रुग्ण दगावले आणि त्याच्या चौकशीसाठी न्यायमूर्ती लेंटिन आयोग नेमावा लागला. तेच विषारी द्रव्य २०२५ साली तमिळनाडूत तयार झालेल्या खोकल्याच्या औषधात ४८.६ टक्के इतके आढळले, आणि ते औषध दिलेली मध्य प्रदेशातील छिंदवाडा भागातील लहान मुले मूत्रपिंडे निकामी होऊन दगावली. त्या बाटल्यांवरचे नाव खोटे नव्हते. वेष्टन कितीही बारकाईने पाहिले असते, तरी त्या मुलांच्या आई-वडिलांना काही कळले नसते.

केंद्रीय औषध मानक नियंत्रण संघटना चाचणीत नापास झालेल्या औषधांची यादी दर महिन्याला आपल्या संकेतस्थळावर प्रसिद्ध करते. तिच्यात औषधाचे नाव, बॅच, उत्पादक आणि नापास होण्याचे कारण दिलेले असते. दीर्घकाळ एकच औषध घेणाऱ्यांनी घरातील बॅच त्या यादीशी ताडून पाहण्याची सवय लावावी. यादीत आपल्या ब्रँडचे नाव दिसले म्हणून घाबरू नये. दोष त्या विशिष्ट बॅचमधील नमुन्यात आढळलेला असतो. काही नोंदींत, ही बॅच आपण बनवलेलीच नाही, असे उत्पादकाचे म्हणणेही नमूद असते. तशी नोंद म्हणजे बनावट मालाचा संशय समजावा.

प्रश्न: मधुमेहासाठी मी इन्सुलिन ऑनलाइन मागवते. मे महिन्यात पार्सल दुपारी दोनला आले तेव्हा आतील बर्फाची पिशवी वितळून कोमट झाली होती. हे इन्सुलिन वापरावे का? ते तपासून घेता येईल का? (एक वाचक, पंचवटी)

उत्तर: ते वापरू नये, आणि त्याच्या तपासणीतही वेळ घालवू नये. न उघडलेले इन्सुलिन २ ते ८ अंश सेल्सिअस तापमानात राहावे लागते. वापरात घेतलेली बहुतेक प्रकारची इन्सुलिन सुमारे २८ दिवस घरच्या तापमानात चालतात. परंतु घरचे तापमान म्हणजे २५ ते ३० अंशांपर्यंतचे. नाशिकला पूर्वी थंड हवेचे गाव म्हणत असले तरी एप्रिल-मे मध्ये पारा ४० अंशांपर्यंत जातो, आणि बंद डब्याच्या डिलिव्हरी गाडीत तापमान त्याहून बरेच वाढते. उष्णतेने कमजोर झालेले इन्सुलिन दिसायला अगदी पूर्वीसारखेच असू शकते. मुळात स्वच्छ असणारे इन्सुलिन गढूळ दिसले, किंवा दुधाळ प्रकारात हलक्या हाताने फिरवूनही गुठळ्या अथवा काचेला चिकटलेले पांढरे कण राहिले, तर ते निश्चित टाकून द्यावे; पण असे काही दिसत नाही म्हणून ते चांगले आहे, असे मानू नये.

उलट चूकही होते. बर्फाची पिशवी कुपीला थेट चिकटवून ठेवल्यास इन्सुलिन गोठते, आणि एकदा गोठलेले इन्सुलिन वितळल्यावर पूर्ववत दिसले तरी वापरण्याजोगे राहत नाही.

पार्सल डिलिव्हरी देणाऱ्या व्यक्तीसमोरच उघडावे, साध्या थर्मामीटरने आतील तापमान पाहून त्याचे छायाचित्र काढावे आणि माल तेथेच परत करावा. आपले इंजेक्शन मात्र थांबवू नका. दुकानातील फ्रिजमधून काढून देणाऱ्या औषध विक्रेत्याकडून नवीन कुपी घ्या आणि दोन-तीन दिवस साखर नेहमीपेक्षा अधिक वेळा तपासा. उन्हाळ्यात शीतसाखळीची औषधे कुरियरने मागवूच नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

प्रश्न: आईच्या गुडघेदुखीसाठी मोबाइलवरील जाहिरात पाहून ‘शंभर टक्के आयुर्वेदिक’ चूर्ण मागवले. चार दिवसांत दुखणे थांबले. आता दोन महिने झाले, चेहरा सुजल्यासारखा दिसतो आणि साखर वाढली आहे. डबीवर परवाना क्रमांक नाही. (एक वाचक, सिन्नर)

उत्तर: हे पत्र वाचून मला फार काळजी वाटली, म्हणून छपाईची वाट न पाहता आपल्याला उत्तर आधीच कळवले आहे, इतर वाचकांसाठी ते येथे देत आहे. वनस्पतींच्या चूर्णाने वर्षानुवर्षांचे दुखणे चार दिवसांत थांबणे, त्यानंतर चेहरा गोल होणे, साखर आणि रक्तदाब वाढणे, ही त्यात डेक्सामेथासोनसारखे स्टेरॉइड मिसळले असल्याची लक्षणे असू शकतात. अशी भेसळ नवी नाही. सांधेदुखीच्या चूर्णांत स्टेरॉइड किंवा डायक्लोफिनॅक, वजन कमी करण्याच्या गोळ्यांत भारतात २०११ पासून बंदी असलेले सिब्युट्रामिन आणि शक्तिवर्धकांत सिल्डेनाफिल, असे प्रकार प्रयोगशाळांत पुन्हा पुन्हा उघड झाले आहेत.

आईंनी ते चूर्ण स्वतःच्या मनाने एकदम बंद करू नये. स्टेरॉइड आठवडेच्या आठवडे पोटात गेले की शरीराची स्वतःची ग्रंथी ते बनवणे कमी करते आणि अचानक बंद केल्यास रक्तदाब धोकादायक पातळीपर्यंत खाली येऊ शकतो. डबी घेऊन त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे. मात्रा कशी उतरवायची ते तेच ठरवतील. उरलेले चूर्ण डबीसह जपून ठेवावे आणि अन्न व औषध प्रशासनाकडे लेखी तक्रार करून औषध निरीक्षकांना ते दाखवावे.

आयुर्वेदिक औषधाच्या विक्रीला वेगळा परवाना लागत नाही, पण उत्पादनाला लागतो, आणि तो क्रमांक, घटकद्रव्ये, बॅच व उत्पादकाचा पूर्ण पत्ता लेबलवर असलाच पाहिजे. संधिवात, मधुमेह किंवा लठ्ठपणा बरा करण्याचे दावे जाहिरातीत करण्यास १९५४ च्या औषधे व जादूटोण्याचे उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) अधिनियमानुसार मनाई आहे. म्हणजे ती जाहिरात हाच पहिला इशारा होता.

प्रश्न: ऑनलाइन औषध विक्री कायदेशीर आहे का? आणि ७० टक्के सवलत देणाऱ्याचा माल खोटाच समजावा का? (दोन वाचक, सातपूर व मालेगाव)

उत्तर: ऑनलाइन विक्रीसाठी स्वतंत्र नियमांचा मसुदा केंद्र सरकारने ऑगस्ट २०१८ मध्ये प्रसिद्ध केला, पण तो अंतिम नियमांत उतरला नाही, आणि हा प्रश्न न्यायालयांतही गेला. ग्राहकाच्या दृष्टीने महत्त्वाचे इतकेच, की ॲप कोणतेही असो, औषध हे विक्रीचा परवाना (फॉर्म २० व २१) असलेल्या दुकानातून, नोंदणीकृत फार्मासिस्टच्या देखरेखीखाली आणि डॉक्टरांची चिठ्ठी लागणारे औषध असल्यास चिठ्ठी पाहूनच निघाले पाहिजे. बिलावर त्या दुकानाचे नाव, पत्ता आणि परवाना क्रमांक असतो. तो नसेल तर माल परत करावा. चिठ्ठी न मागता प्रतिजैविक पाठवणाऱ्याकडून, किंवा व्हॉट्सॲपवरील ओळखीतून, काहीही घेऊ नये.

सवलतीवरून मात्र निष्कर्ष काढता येत नाही. बऱ्याच जेनेरिक औषधांवर छापलेली किंमत मुळातच घाऊक किमतीच्या कितीतरी पट असते, त्यामुळे त्यांवर ७० टक्के सवलत देऊनही विक्रेत्याला नफा उरतो. नाशिकच्या गोळे कॉलनीतील औषधांच्या घाऊक बाजाराशी ज्यांचा संबंध आहे त्यांना हे ठाऊक आहे. जनऔषधी केंद्रातील औषधे स्वस्त आहेत म्हणून त्यांवर संशय घेण्याचेही कारण नाही. संशय घ्यावा तो महागड्या, एकाच कंपनीच्या इंजेक्शनवर मोठी सवलत मिळते तेव्हा. २०२४ साली दिल्लीत पोलिसांनी जी टोळी पकडली, ती कर्करोगावरील महागड्या इंजेक्शनच्या रिकाम्या कुप्यांत बुरशीवरील स्वस्त औषध भरून विकत होती. म्हणूनच अशा इंजेक्शनची रिकामी कुपी टाकण्यापूर्वी तिचे लेबल फाडावे आणि खोकाही फाडून टाकावा.

स्थानिक दुकान म्हणजे आपोआप सुरक्षित, असेही मी म्हणणार नाही. नागपूर जिल्ह्यातील एका सरकारी रुग्णालयात २०२३ साली घेतलेल्या सिप्रोफ्लॉक्सासिनच्या नमुन्यात मूळ औषधच नव्हते, आणि तो माल निविदा काढून खरेदी केलेला होता.

प्रश्न: विक्रेता भिवंडीच्या गोदामातून माल पाठवतो, ॲपचे कार्यालय दुसऱ्या राज्यात आहे. तक्रार नाशिकमध्ये चालेल का? (एक वाचक, पिंपळगाव बसवंत)

उत्तर: चालेल. अन्न व औषध प्रशासनाच्या नाशिक कार्यालयात लेखी, किंवा १८००२२२३६५ या निःशुल्क क्रमांकावर तक्रार करता येते. विक्रेता दुसऱ्या जिल्ह्यातील वा राज्यातील असल्यास ती तेथील औषध नियंत्रण यंत्रणेकडे पाठवली जाते. निरीक्षक विक्रेत्याकडून रीतसर नमुना घेतात तेव्हा त्याचे चार भाग करून सीलबंद करतात: एक विक्रेत्याला, एक विश्लेषकाला, एक न्यायालयासाठी आणि एक उत्पादकासाठी. विक्रेत्याला किंवा उत्पादकाला अहवाल मान्य नसल्यास तो मिळाल्यापासून २८ दिवसांत आव्हान द्यावे लागते, आणि मग न्यायालय कोलकात्याच्या केंद्रीय औषध प्रयोगशाळेचे मत घेऊ शकते. औषधाने त्रास झाला असल्यास १८००१८०३०२४ या औषध दुष्परिणाम नोंदणीच्या निःशुल्क क्रमांकावरही कळवावे. त्यासाठीचा रुग्णांचा अर्ज मराठीतही मिळतो.

पैशांच्या भरपाईचा मार्ग वेगळा आहे. ई-कॉमर्सविषयीच्या २०२० च्या ग्राहक संरक्षण नियमांनुसार ॲपच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याने ४८ तासांत तक्रारीची पोच द्यावी आणि एका महिन्यात तिचे निवारण करावे लागते. तसे न झाल्यास १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करावी आणि नाशिकच्या जिल्हा ग्राहक आयोगात जावे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तक्रारदार जेथे राहतो तेथील आयोगात तक्रार दाखल करता येते. त्यासाठी भिवंडीला किंवा परराज्यात जाण्याची गरज नाही.